दोरीपलीकडचे जीव

बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बॉयलरच्या वेल्डिंगचे फोटो काढायचे. साधे नव्हे, गॅमा किरणांचे. जोडात आत बारीक चीर राहिली असेल तर ती फिल्मवर दिसायची. त्याआधी ते चारी बाजूंनी दोरी बांधायचे, लाल दिवा लावायचे आणि कुणी जवळ आलं की ओरडायचे. कोपरीच्या घरी आले की आधी आंघोळ. तोवर आम्हा भावंडांना शिवू द्यायचे नाहीत. मी दारात उभी असायचे आणि ते अंग चोरून माझ्या बाजूने आत निघून जायचे.

पुढे मी मायक्रोबायोलॉजी शिकले, डोंबिवलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. आई गेल्यावर बाबा टिटवाळ्याला एकटेच राहायचे. एका रविवारी मी त्यांना खोल खाणींतल्या जिवाणूंबद्दल सांगत होते. तिथे ऊन कधीच पोचत नाही. खडकातल्या युरेनियमच्या किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन सुटतो, आणि त्याच्या आधाराने हे जगतात. मंगळाच्या जमिनीखाली, शनीच्या एखाद्या बर्फाळ चंद्रावरही असं कुणी असू शकेल म्हणतात.

"किरणांवर जगतात?" बाबांनी पेरू चिरता चिरता विचारलं.

"थेट नाही. किरणांमुळे जे तयार होतं, त्यावर."

त्यांनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "एकटेच असतात का गं तिथे?"

"एका खाणीत जवळजवळ एकच जात सापडलेली. बाकी कुणी नाही."

बराच वेळ ते पेरूच्या फोडी नुसत्याच इकडच्या तिकडे करत राहिले.

"तुम्हा भावंडांना आंघोळीआधी उचलून घ्यायला हवं होतं," ते एकदम म्हणाले. "ते किरण कपड्यांना चिकटत नाहीत. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलेलं आम्हाला. माहीत होतं गं. पण धीर नाही झाला."

पंचेचाळीस वर्षांची मी, त्यांच्याजवळ सरकून बसले. त्यांनी चिकट हात पंच्याला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

त्यानंतर दर रविवारी विचारायचे, "तुझ्या त्या मंडळींचं काय नवीन?" ती खाणीतली मंडळी माझ्याकडे कुठली असणार! पण एकदा मी त्यांना आमच्या लॅबमध्ये नेलं, दह्यातले जिवाणू दाखवले. चष्मा कपाळावर चढवून ते मायक्रोस्कोपवर वाकले आणि उठायलाच तयार होईनात. "किती आहेत गं!" म्हणत राहिले. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ते गेले.

आता गुरूच्या एका चंद्राकडे यान निघालंय. बर्फाखालच्या समुद्रात जगण्याजोगं काही आहे का, एवढंच ते बघणार. पोचायला अजून काही वर्षं आहेत. यान सुटल्याची बातमी मी स्टाफरूममध्ये वाचली. फोन हातातच होता. बाबांचा नंबर मी अजून काढून टाकलेला नाही. स्क्रीनवर तो उघडून बसून राहिले. तासाची बेल झाली तेव्हा शेजारच्या मॅडमनी विचारलं, "कुणाला लावायचाय का?"

"हो," मी म्हणाले, आणि वर्गावर गेले.