भाऊजींसाठी छपरी

मी सर्वांत जास्त देणं लागतो ते भाऊजींचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांचं. आईवडिलांनी वाढवलं; पण आमच्या गावातली शाळा दहावीला संपत होती आणि पुढे माझं काय करायचं, याचं उत्तर घरात कोणाजवळ नव्हतं. भाऊजींजवळ होतं. कारंज्याला हायवेला लागून त्यांचं घर आणि मोटारी भरायचं दुकान होतं. शेतकरी जळालेले पंप घेऊन येत आणि भाऊजी त्यांत नवी तांब्याची तार भरून देत. दहावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले आणि जाताना माझी पेटी स्वतःच्या हातांनी बसच्या टपावर चढवून मला घेऊन गेले.

बहिणीच्या सासरी भावानं राहणं आमच्याकडे बरं दिसत नाही. लेकीच्या घरचं पाणीदेखील न पिणारे बाप मी पाहिले आहेत. भाऊजींच्या आईला हे सगळं मुळीच पटलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझी पेटी दारात दिसताच त्यांनी विचारलं, पाहुणा किती दिवसांचा आहे? भाऊजींनी आईशी वाद घातला नाही. पेटी उचलली आणि छपरीत, खाटेखाली सरकवली.

घराच्या पुढच्या भिंतीला टेकलेलं कवेलूंचं उतरतं छप्पर, खाली सारवलेली जमीन आणि तीन बाजू मोकळ्या, अशी ती छपरी होती. भाऊजींनी तिच्या अर्ध्या भागाला बांबूचा तट्टा लावून आडोसा केला. उरलेल्या अर्ध्यात दुरुस्तीला आलेल्या मोटारी पडून असत आणि व्हार्निशचा वास पुस्तकांनाही लागे. हिवाळ्यात हायवेवरचा वारा थेट अंगावर येई. पाऊस तिरपा आला की खाट सरकवावी लागे. जो छपरीत दिसेल त्याला कामाला लावायचं, हा त्या घराचा नियम होता. नळ आला की म्हातारी मला हाक मारी. गिऱ्हाईक मला मोटारीचं दुसरं टोक धरायला लावी. कॉलेजातली मुलं समोरून जायची तेव्हा मला लाजही वाटे. पण त्या पाच वर्षांत, म्हणजे मी बी. ए. होईपर्यंत, तू जाणार कधी, हा प्रश्न मला पुन्हा कोणी विचारला नाही. म्हातारीनंसुद्धा नाही.

पुढे बी. एड. झालं, वर्ध्याला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं. काही वर्षांनी सावंगीच्या बाजूला प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं. नकाशा काढणाऱ्या इंजिनीअरनं विचारलं, पुढे काय ठेवायचं? त्या ओळीतल्या सगळ्या घरांना पुढे छोटा पोर्च, त्याला लोखंडी ग्रिल आणि ग्रिलला कुलूप होतं. आम्हीही तेच केलं. दुचाकी आत राहते, कुत्री येत नाहीत, धूळ कमी येते. त्या वेळी याहून जास्त विचार करायचं काही कारण नव्हतं.

घर पूर्ण झालं आणि त्याच वर्षी ताई गेली. म्हातारी आधीच गेली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. भाऊजी कारंज्याला एकटे राहिले, आणि वर्षभरात त्यांच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा सावंगीच्या दवाखान्यात मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं ठरलं. कारंज्याहून येण्याजाण्यात दिवस जाई आणि परतीच्या बसमध्ये त्यांना बसवत नसे. मग ते एखादी खेप चुकवू लागले. खेप चुकली की पाय सुजत, दम लागे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असं चाललं तर फार दिवस चालणार नाही. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. मी त्यांना घेऊन आलो.

घरातली सर्वांत चांगली खोली त्यांना दिली. आतली, शांत, लागूनच संडास-बाथरूम, खिडकीला कूलर. शेवटी ते घरचे जावई. बायको त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेई. त्यांचं ताट आधी वाढलं जाई आणि ते उठेपर्यंत कोणी उठत नसे. ते बाहेरच्या खोलीत आले की मुलं टीव्ही बंद करत. एकदा ते स्वतःचा कप विसळायला गेले, तर बायकोनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांचं मीठ बंद होतं म्हणून तिनं सगळ्या घराचंच मीठ कमी केलं. त्यांना ते पहिल्याच घासाला कळलं असावं. त्या दिवसापासून त्यांनी भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही. आम्हाला वाटायचं, आपण काही कमी पडू देत नाही. ते मात्र सकाळीच शर्ट-पँट घालून पलंगाच्या काठावर बसत, बस लागायची वाट पाहणाऱ्या माणसासारखे.

महिना झाला असेल. एका मंगळवारी दवाखान्यातून आले आणि पिशवी भरायला लागले.

मी विचारलं, "काऊन भाऊजी, काई चुकलं का आमचं?"

"नाई गा. चुकलं असतं तं राह्यलो असतो."

बायको दारातून म्हणाली, असे गेलात तर लोक आम्हाला काय म्हणतील? त्यावर ते हसले. "लोकं तं आताच म्हणून राह्यले. बायको गेली, अन् जवाई साळ्याच्या घरी येऊन पडला."

मला राग आला. पाच वर्षं मी तुमच्या घरी राहिलो, तेव्हा लोक नव्हते का, असं मी बोलून गेलो.

ते पिशवीची चेन लावता लावता म्हणाले, "तू छपरीत होता, बाबू. तुले आत ठेवलं असतं तं तू पाहुणा झाला असता. पाहुण्याले जावंच लागते. छपरीतल्या माणसाले कोणी जा म्हणत नाई. तो आला कधी, हेच कोणाच्या ध्यानात राहत नाई."

मी त्यांना स्टँडवर सोडलं. तिकीट त्यांनी मला काढू दिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्याची एक खेप चुकली. मी मिस्त्रीला बोलावलं आणि छपरी बांधायची म्हणालो. कोणत्या बाजूला, हा प्रश्न सोपा नव्हता. खुर्ची घेऊन मी घराच्या चारही बाजूंना बसून पाहिलं. मागची बाजू पूर्वेची. दुपारनंतर तिथे दाट सावली असते, पण समोर फक्त कंपाउंडची भिंत. आजारी माणसानं दिवसभर भिंत पाहायची? उत्तर-दक्षिणेला शेजाऱ्यांमुळे खाटसुद्धा मावत नाही. राहिली पुढची बाजू. तिथे रस्ता आहे, दवाखान्यात जाणारी-येणारी माणसं आहेत. पण ती पश्चिमेची, आणि मे महिन्यात तिथल्या भिंतीला हात लावता येत नाही.

मिस्त्रीचं मत मागची बाजू. बायकोचंही तेच, पण तिचं दुखणं उन्हाचं नव्हतं. ती म्हणाली, "आपल्या जवायाले दारात टाकलं म्हणतील. आत खोली रिकामी अन् माणूस बाहेर." गावाहून वडिलांचा फोन आला. या वयात माझं नाक कापू नको, म्हणाले. दोघांचंही खोटं नव्हतं. जावयाची खाट बाहेर दिसणं हा आमच्यात अपमानच समजतात. मीही एरवी तसंच समजलो असतो.

तरी पुढची बाजू ठरवली. ग्रिल कापायला माणूस आला तेव्हा बायको माहेरी निघून गेली. चार दिवसांनी परत आली. त्या विषयावर आम्ही अजून बोलत नाही.

भाऊजींना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. "बरा हाओ," म्हणतात आणि ठेवून देतात. कारंज्याला गेलो तर चहा पाजतात आणि शेवटची बस किती वाजता आहे ते सांगतात. म्हणून पत्र लिहिलं. ते पोचलं, एवढं पोस्टमनकडून कळलं. पत्रात लिहिलेल्या मंगळवारी ते आले नाहीत. पुढच्या खेपेलाही आले नाहीत. पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार.

घराच्या पुढे छपरी काढली आहे. तोंड रस्त्याकडे आहे. ऊन लागेल, म्हणून छप्पर मुद्दाम खाली उतरवलं आहे आणि पुढे हिरवी नेट बांधणार आहे. संडास-बाथरूमला बाहेरूनच दार पाडलं आहे, म्हणजे घरातून जावं लागणार नाही. त्याची किल्ली तुमच्याकडेच राहील. फरशी गुळगुळीत घेतली नाही.

आमच्याकडे नळ पहाटे येतो आणि आम्ही सगळे झोपलेलो असतो. तेवढा नळ तुम्ही सोडत जा. टाकी भरली की बंद करायचा. जड काही उचलायचं नाही. ताट तुमचं तुम्ही वाढून घ्या. भाजी आमच्यासारखीच होईल, मीठ मात्र तुम्हाला बेताचंच मिळेल, त्यावरून भांडा. मुलांना सांगितलं आहे की टीव्ही चालू ठेवायचा.

वडील नाराज आहेत. घरातही नाराजी आहे. ते तुमच्यापासून लपवत नाही. लोक बोलतील ते मला बोलतील.

दवाखाना सोडू नका एवढंच मागणं आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितलं नव्हतं, पण तुम्हाला माहीत आहे असं मला वाटतं.

मंगळवारी पहिल्या बसनं या. मी वर्धा स्टँडवर उभा राहीन. मशीन झाल्यावर इकडे यायचं की परत कारंज्याला जायचं, ते तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही. परत जायचं म्हणालात तर बसमध्ये खिडकीची जागा धरून देईन.