हातावरचं लेकरू

सिस्टरबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाळण्याशी जायच्या, मग माणसांशी बोलायच्या. लेकराची पापणी खाली ओढून बघायच्या, पोट चाचपायच्या आणि आईला झापायच्या, "पोट नगाऱ्यासारखं झालं वं याचं! पाणी उकळून काहून नाही देत?" नागपूरहून पहिल्या बसने त्या आमच्या कन्हानजवळच्या गावी यायच्या. त्यांचा आवाज वेशीत ऐकू आला की शेवटच्या घरातली बाईसुद्धा चुलीवर पाणी चढवायची.

कुटुंबनियोजनाचा प्रचार हे त्यांचं काम, पण त्याची त्यांना कधी घाई नसे. "आधी लेकरं जगवा, मंग बाया आपोआप थांबतात. दोन-चार मरतीन म्हणून आठ होऊ देते बाई, हौस म्हणून नाही." तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हे तोंडावर ऐकवलं होतं. साहेबांना ते मुळीच आवडलं नाही.

आमच्या गावात गोवर निघून गेल्याशिवाय लेकरू मोजत नसत. किती मुलं, असं विचारलं की बाई सांगे, "दोन मोजाचे, एक हातावरचं." सिस्टरबाई शहरातल्या, शिकलेल्या, तरी ही रीत त्यांनी कधी हसण्यावारी नेली नाही. हातावरचं लेकरू असलेल्या बाईपाशी त्या ऑपरेशनचा विषयच काढत नसत.

मग आणीबाणी आली आणि त्यांना ऑपरेशनच्या ठरावीक केसेस नेमून दिल्या गेल्या. नाही भरल्या तर नोकरी जाणार, आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. त्या हिवाळ्यात त्या पहिल्यांदाच पाळणा ओलांडून थेट आईपाशी येऊन बसल्या. मी सात वर्षांची होते, भाऊ दहा महिन्यांचा.

"एक पोरगी, एक पोरगा. झालं की तुझं, शांते."

"बाई, एकच मोजाची आहे माही."

"याले काही होत नाही. मी आहे ना," सिस्टरबाई खाली बघत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आई नसबंदी शिबिराच्या जीपमध्ये बसून गेली.

होळीच्या सुमारास गावात गोवर आला. सिस्टरबाई तीन दिवस आमच्याच घरी होत्या, भावाला चमच्याने पाणी पाजत. चौथ्या दिवशी तो गेला. पुढे आणीबाणी उठली, सक्ती गेली; आमच्या घराला त्याचा काय उपयोग?

सिस्टरबाई मात्र येत राहिल्या. हळूहळू गावातली लेकरं जगू लागली आणि बायका दोन-तिनांवर आपणहून थांबू लागल्या. त्यांचं म्हणणं खरं ठरलं, याचा मला आनंद व्हायला हवा. मला राग येतो, अजूनही येतो.

आई दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. बदली झाली तेव्हा त्या निरोप घ्यायला आल्या आणि अंगणातच उभ्या राहिल्या. आई धुणं पिळत होती.

"शांते, मले शिव्या दे वं. अशी चूप नको राहू."

आईने हातातलं लुगडं बादलीत टाकलं. "तुम्हाले कायच्या शिव्या देऊ, बाई? मले 'नाही' म्हणता आलं असतं. पण अजून एका बाळंतपणाचं भेव वाटे मले. तुम्ही 'मी आहे' म्हटलं, अन् मले बरं वाटलं. माह्या लेकराले मीच मोजलं."

हे ती माझ्या वडिलांपाशीही कधी बोलली नव्हती. सिस्टरबाई बादलीपाशी खाली बसल्या. रस्त्यावर नागपूरची बस हॉर्न देत थांबली आणि निघून गेली, तरी त्या उठल्या नाहीत. आईनेही त्यांना उठा म्हटलं नाही.