लॅपटॉपला मारलेली हवा

तळवडे चौकातून चाकणकडे निघालं की डाव्या हाताला रियाज मुलाणींचं गॅरेज लागतं. बोर्ड आहे, पण त्यावर एवढी धूळ बसली आहे की वाचायला आधी नाव माहीत असावं लागतं. ट्रकवाल्यांना बोर्डाची गरज पडत नाही. चाकणच्या कंपन्यांत माल घेऊन जाणारा ट्रक वाटेत कुरकुरायला लागला की आपोआप इथे वळतो, आणि रियाजभाई केबिन पुढे झुकवून आत डोकं घालतात. गिऱ्हाइकाशी बोलतानाही डोकं आतच असतं. त्यांची बायको मुमताज म्हणते, निकाहाच्या दिवशीसुद्धा हा माणूस सेहऱ्याआडून मंडपाच्या जनरेटरकडे बघत होता.

गॅरेजच्या वर पत्र्याच्या छपराखाली घर. घरात अर्धी हिंदी, अर्धी मराठी; भांडण निघालं की मात्र पूर्ण मराठी. आणि गेला महिनाभर घरात मराठीच चालू होती.

कारण होतं शिफा. एकुलती एक मुलगी, बी.कॉम. झालेली. मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ तिने मोबाइलवर जोडला, तो सगळ्या नातेवाइकांत फिरला आणि पोरीच्या डोक्यात एडिटिंग शिरलं. कुठल्याशा ऑफिसातून विकायला निघालेला एक जुना लॅपटॉप तिने मिळवला आणि दिवसदिवस त्याच्यापुढे बसायला लागली. रियाजभाईंना हे काम काम वाटतच नव्हतं. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे कंपनीची. दारात बस येते, कँटीनमध्ये जेवण मिळतं, अंगावर शर्ट असतो त्यावर कंपनीचं नाव. स्वतः त्यांनी जन्मभर त्या गेटांच्या बाहेर ग्रीस चोळलं होतं. मुलीने तरी आत जावं. म्हणून त्यांनी ओळखीतल्या अर्जुनराव ठेकेदारांना गळ घातली होती आणि सोमवारपासून शिफाने क्वालिटी खात्यात हजर व्हायचं, असा शब्दही देऊन टाकला होता.

शिफाला न विचारता.

मग जे व्हायचं ते झालं. रडारड झाली, ताटं सरकवली गेली आणि शेवटी मुमताजने तह घडवला. रहाटणीतल्या एका स्टुडिओने शिफाला परीक्षेचं काम दिलं होतं. एका लग्नाचं सगळं चित्रीकरण त्यांनी पाठवलं होतं, त्यातून छोटी फिल्म करून शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची. वेळेत पाठवली आणि त्यांना पसंत पडली तर शिफा रहाटणीला जाईल. नाहीतर सोमवारी मुकाट्याने कंपनीची बस.

शनिवार उजाडला आणि लॅपटॉप गुडघ्यावर आला. तसा तो चार दिवस रडतच होता. शिफाने त्याची बरीच मनधरणी केली होती. डिस्कवरचा जुना पसारा काढून जागा केली, मागे चालणारे प्रोग्रॅम बंद केले, जड व्हिडिओंच्या हलक्या प्रती करून त्यांच्यावर काम सुरू केलं. त्याने फरक पडला होता. फक्त एक गोष्ट जाईना. लॅपटॉप तापायचा आणि आतला पंखा असा घोंघावायचा की खाली गॅरेजमध्ये ऐकू यावा.

तो आवाज रियाजभाईंना सहन होत नव्हता. सकाळी शिफा आंघोळीला गेली तेव्हा ते चहाला वर आले. लॅपटॉपच्या बुडाला हात लावला तर चटका बसला. बाजूच्या जाळीत बघितलं तर धुळीचा लोकरीसारखा थर. त्यांना हसूच आलं. एवढंच होय! रेडिएटर चोक झालाय. पोरगी मात्र आतल्या आत बटणं दाबत बसली आहे.

त्यांनी लॅपटॉप काखेत मारून खाली आणला, कंप्रेसरची गन घेतली आणि ट्रकच्या रेडिएटरला मारतात तशी पूर्ण दाबाने जाळीतून हवा मारली. धुळीचा लोट उडाला. आतला पंखा शिट्टीसारखा किंचाळला, कुठेतरी बारीकसं ‘टक्’ झालं आणि मग सगळं शांत. रियाजभाई खूश झाले. त्यांच्या धंद्यात आवाज गेला की दुखणं गेलं असं धरतात. लॅपटॉप पुसून त्यांनी होता तिथे नेऊन ठेवला. काम झाल्यावर सांगू, म्हणजे मजा येईल, असं मनाशी ठरवून ते खाली आले.

थोड्या वेळाने वरून शिफाचा आवाज आला, “अम्मी, बघ ना! एकदम गप्प झालाय आज. शहाणा झाला.”

रियाजभाई मिशीत हसले.

खाली रोहिदास नावाच्या ड्रायव्हरची गाडी उभी होती. बीडकडचा माणूस, चाकणच्या कंपनीचा माल भरलेला, आणि गाडी तापते अशी तक्रार. रियाजभाईंनी पट्टा बघितला, पंप बघितला. तेवढ्यात वरून शिफाचा आवाज पुन्हा आला, पण या वेळी वेगळा. “असं काय करतोय हा? अम्मी, चित्र पुढेच सरकत नाहीये!”

रियाजभाईंचा हात पान्यावरच थांबला. ते वर गेले. स्क्रीनवर नवरी हार घालायला हात उचलून तशीच उभी होती. शिफा लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करत होती. पाणी मागायच्या निमित्ताने रियाजभाई जवळ गेले आणि तिच्या नकळत जाळीपाशी बोट धरलं. वारा नव्हता. लॅपटॉप सकाळपेक्षा जास्त तापला होता आणि जाळीतून फुंकरसुद्धा येत नव्हती. पंखा शांत झाला नव्हता, तुटला होता.

 सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि पहिलाच विचार आला तो असा, की हिला वाटेल मी मुद्दाम केलं. का वाटू नये? एडिटिंग नको म्हणणारे आपण. अर्जुनरावांना परस्पर शब्द देणारे आपण. आणि नेमक्या परीक्षेच्या दिवशी तिच्या लॅपटॉपला हातही आपणच लावला. दुसऱ्या कुणी ही हकिगत सांगितली असती तर आपणही तेच म्हणालो असतो. रियाजभाई पाणी न पिताच खाली उतरले.

त्यानंतरची दुपार फार वाईट गेली. ते गाडीखाली झोपायचे आणि कान वर असायचे. शिफाची एकेक धडपड पत्र्यातून खाली ऐकू येत होती. तिने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मैत्रिणीला फोन करून कसली कसली सेटिंग विचारली. मग स्वतः सजवलेले रंग, अक्षरं काढून टाकायला लागली, म्हणजे ओझं कमी होईल. “माझ्याकडूनच काहीतरी बिघडलंय,” ती आईला म्हणत होती. “काल काहीतरी चुकीचं दाबलं गेलंय माझ्याकडून.” ते ऐकून रियाजभाईंना गाडीखालून बाहेर येववेना. पोरगी जिथे दोष नाही तिथे शोधत होती, आणि जिथे आहे ते ठाऊक असलेला माणूस खाली तेलात हात माखून पडला होता.

शेवटी काहीच सापडेना म्हणून त्यांनी रोहिदासच्या रेडिएटरचा खालचा नळ सोडला. पिवळंधमक पाणी आलं. पाठोपाठ चिखलासारखा गाळ.

“हळद?” रियाजभाई बघतच राहिले. “हळद टाकली का काय ह्याच्यात?”

रोहिदासने मान खाजवली. “नगर सोडलं अन् गळाया लागलं. ढाब्यावरून मूठभर घेतली. गळायचं थांबतंय तिनं.”

“गळायचं थांबतंय, अन् समद्या नळ्या बी बुजत्यात! अहो, सकाळधरनं मी पंप खोलतोय, पट्टा काढतोय. येता येताच सांगितलं असतं तर कवाच मोकळं झाला असता. आमाला काय सपान पडतंय का, तुमी काय केलंय त्याचं?”

“तुमी वरडाल म्हणून न्हाई सांगितलं, भाई,” रोहिदास ओशाळून म्हणाला.

रियाजभाईंच्या तोंडात पुढची शिवी तयार होती. ती तशीच राहिली. त्यांनी हात पुसले, रोहिदासला रेडिएटरमधून साधं पाणी सोडत राहायला सांगितलं आणि जिना चढले. गुडघे थरथरत होते. 

“शिफा,” ते दारातूनच म्हणाले. “त्याचा पंखा म्या तोडलाय.”

तिने वर बघितलं.

“सकाळी. तू आंघोळीला गेल्ती. धूळ बसल्याली, म्हणलं साफ करू. कंप्रेसरची हवा मारली. आपल्या रेडिएटरला मारतो तशी.”

मुमताजने कपाळाला हात लावला.  शिफाने जाळीवर तळहात धरला, मग लॅपटॉप उचलून कानाशी नेला. बराच वेळ ती तशीच बसली. रियाजभाईंना वाटलं, रडली तरी बरं, ओरडली तरी बरं.

“म्हणजे सॉफ्टवेअर नव्हतंच,” ती शेवटी म्हणाली. “तापला की तो स्वतःच स्वतःला हळू करून घेतो. मी उगाच सगळं खोदत बसले.” तिने घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून गेले होते.

पिंपरीतल्या दुकानाला फोन झाला. पंखा मागवावा लागेल, मंगळवारी या. घरातला टेबलफॅन लॅपटॉपसमोर लावला, पण एप्रिल महिना आणि वर तापलेला पत्रा. फॅन गरम वाराच फेकत होता. नवरीचा हात दोन बोटं पुढे गेला आणि पुन्हा थांबला. शिफा खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रोहिदासची गाडी होती.

“अब्बा, त्या गाडीला एसी आहे?”

“हाय की. नवी गाडी हाय.”

“मग चला.”

रोहिदास आधी नाही म्हणाला. त्याला सहाच्या आत चाकणच्या गेटवर पोचायचं होतं, उशीर झाला तर गाडी उद्यापर्यंत बाहेर उभी. पण गळकी नळी आवळून रेडिएटर धुतल्यावर इंजिन काही वेळ चालवून बघणं भागच होतं, हे रियाजभाईंनी त्याला पटवलं. शिवाय हळद त्याची होती, त्यामुळे त्याला फार ताणून धरता येईना. गॅरेजमधून वायर ओढून लॅपटॉपला वीज दिली. शिफा केबिनमध्ये चढली, लॅपटॉपची जाळी एसीच्या झोताला लावली, अंगाभोवती ओढणी घट्ट केली आणि काचा वर केल्या.

रियाजभाई ड्रायव्हरच्या जागी बसून काट्याकडे बघत राहिले. इंजिन पुन्हा तापलं तर बंद करावं लागणार, आणि इंजिन बंद म्हणजे एसी बंद. काटा चढायला लागला. मधोमध आला. त्यांच्या कपाळावर एसीतही घाम फुटला. त्यांनी हळूच शिफाच्या स्क्रीनकडे बघितलं, तर नवरीने हार घातला होता, वऱ्हाडी हसत होते, शिफाची बोटं झरझर चालली होती. ती ओठ चावत होती, अगदी रियाजभाई अडकलेला नट सोडवताना चावतात तसे. काटा मधोमध येऊन थांबला तो तिथेच राहिला.

मग फिल्म एकत्र करायला लावली. हिरवी पट्टी पुढे सरकत होती, अडत होती, पुन्हा सरकत होती. खाली उभा राहून रोहिदास दर थोड्या वेळाने काचेवर टकटक करून घड्याळ दाखवत होता. पट्टी भरली. मोबाइलच्या नेटवरून फिल्म निघाली, अर्ध्यात लटकली, शिफाने डोळे मिटून घेतले. मग मोबाइल वाजला. पोचली.

पाच वाजायला थोडाच वेळ होता. रोहिदासने त्यांना अक्षरशः खाली उतरवलं आणि धुरळा उडवत गेला. बापलेक गॅरेजच्या दारात उभे राहिले.

“त्यांना आवडेल का माहीत नाही,” शिफा म्हणाली. “रंग काढून टाकले होते मी. परत लावायला वेळच नाही मिळाला.”

रियाजभाईंनी मान हलवली. खूप वेळ अडलेलं त्यांनी विचारलं, “तुला वाटलं का, म्या मुद्दाम केलं म्हणून?”

शिफा लगेच नाही म्हणाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती लॅपटॉप छातीशी धरून रस्त्याकडे बघत राहिली.

“वाटलं,” ती म्हणाली. “लॅपटॉप कानाशी धरला होता तेव्हा. मग तुमचे पाय दिसले. थरथरत होते.”

रियाजभाईंना तिच्यावर रागावता येईना. आपल्या मुलीला आपल्याबद्दल असं वाटावं, एवढं आपण कधी करून ठेवलं, हे ते आठवू लागले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

“हां, अर्जुनराव, रियाज बोलतोय. सोमवारचं ते नका धरू. न्हाई, पोरगी न्हाई येणार.” पलीकडून काहीतरी मोठ्याने बोलणं झालं. “व्हय, शब्द दिल्ता. तिला न इचारता दिल्ता, माझंच चुकलं.”

“अब्बा, त्यांचा निकाल यायचाय अजून,” शिफा घाबरून म्हणाली. “नाही म्हणाले तर?”

“तर दुसरीकडं पाठव,” रियाजभाई म्हणाले, आणि डोळे पुसायला हात वर नेला, तर हाताला ग्रीस होतं, म्हणून तसेच उभे राहिले.