मी पुसलेली कॅसेट

गुरुवारी सकाळी इस्माईलभाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उलटवत होते. "बाई, जिनदासभाऊ गेले," एवढंच ते रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात म्हणाले. रात्री झोपेतच गेले म्हणे. इस्माईलभाई मंगरूळपीरहून मालेगावला निघाले होते आणि मोटरसायकल बाजूला लावून बोलत होते. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी रडू यावं, निदान मटकन खाली तरी बसावं... पण खोटं कशाला लिहू? माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ती गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती गोष्ट इथे आधीच सांगून टाकते, कारण पोटात ठेवली तर मला त्यांच्याविषयी एक ओळ धड लिहिता यायची नाही. तीन वर्षांपूर्वी जिनदासभाऊंची कित्येक वर्षांची मेहनत असलेली कॅसेट माझ्या हातून पुसली गेली, आणि मी त्यांच्या तोंडावर सांगितलं की टेपला दमट हवा लागली असेल.

जिनदासभाऊ म्हणजे आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या बाजारातले कापडवाले. जैन घर, तीन पिढ्यांचं दुकान, आणि स्वभाव असा की गिऱ्हाईक काही न घेता उठलं तरी "या पुन्हा" म्हणायचं ते मनापासून. दुकानाच्या वर एक खोली होती. तिथे खाली न मावणारे कापडाचे ठाण, आणि त्या ठाणांच्या मधोमध एका टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर. आठ बिटांचा, ऐंशीच्या दशकातला, मुंबईच्या एका नातेवाइकानं अडगळ म्हणून दिलेला. मोबाईलवरचा एक साधा फोटोसुद्धा मावायचा नाही एवढीशी त्याची मेमरी. जुन्या डब्बा टीव्हीला तो जोडायचा, आणि लिहिलेला प्रोग्राम जपून ठेवायचा तर टेपरेकॉर्डरमध्ये गाण्याची कॅसेट घालून तिच्यावर उतरवायचा. नाही उतरवला आणि लाइट गेली, की सगळं स्वाहा! आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

या डब्याभोवती दर रविवारी दुपारी माणसं जमायची. इस्माईलभाई टीव्ही दुरुस्त करणारे, त्यामुळे डब्बा टीव्हीचा जीव त्यांच्या हातात. मानोऱ्याचे राठोड सर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे असाच दुसरा एक कॉम्प्युटर होता आणि तो ते शालीत गुंडाळून बसनं घेऊन यायचे. कधी अकोल्याचा, कधी पार नांदेडकडचा कुणी शौकीन ऐकून यायचा, बंद पडलेलं मशीन पिशवीत घेऊन, दवाखान्यात पोर आणावं तसं. विमलवहिनी, म्हणजे जिनदासभाऊंच्या पत्नी, खालून चहा पाठवायच्या आणि जिन्यातूनच विचारायच्या, "उठला का तुमचा म्हातारा?" म्हातारा म्हणजे तो कॉम्प्युटर.

मी त्यांच्यात गेले ती टायपिंगच्या जोरावर. एकतीस वर्षं मी मालेगावात टायपिंगचा क्लास चालवला. मशीनवरच्या परीक्षा बंद झाल्या, क्लासही बंद झाला, आणि मी घरात बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांवर डाफरत होते. एक दिवस जिनदासभाऊ दारात उभे. हातात दोनशेपानी वही. म्हणाले, "बाई, मी एका बोटानं ठोकतो. अख्खी दुपार गेली तरी पन्नास ओळी होत नाहीत. मी वाचतो, तुमी ठोका." मी विचारलं, "काय आहे हे?" तर म्हणाले, "सूर्य हाये."

खरंच सूर्य होता तो! त्यांच्याकडे सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. सूर्यास्त कधी, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रोज हवं असतं. म्हणून त्यांनी एक प्रोग्राम लिहायला घेतला होता. तारीख दिली की मालेगाव, वाशिम, मंगरूळपीर, मानोरा, चारही गावांची सूर्यास्ताची वेळ सांगणारा. महिन्याचा कागद छापायचे आणि मंदिरात, दुकानादुकानांत टांगायचे. राठोड सर एकदा म्हणाले, "भाऊ, मोबाईलवर दिसते की वेळ. अन् या गावाचा त्या गावाचा फरक एका मिनिटाचा. एका मिनिटानं काय होते?" तर जिनदासभाऊ हसून म्हणाले, "तुमचं काही होत नाही सर. पण माझ्या मायचा घास हातातच राह्यते." आमची बैठकही त्याच कागदाबरहुकूम मोडायची. सूर्यास्ताच्या तासभर आधी मशीन बंद, भाऊ जेवायला खाली.

पहिल्याच रविवारी माझी फजिती झाली. भाऊंनी वाचलं, मी धडाधड ठोकलं, सगळे माझ्या बोटांकडे बघत राहिले, आणि मशीन एक ओळ चालवीना. चूक, चूक, चूक! मी लाल झाले. दोन तास शोधलं तेव्हा कळलं, की आमच्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरवर एकचा आकडा नसायचाच, त्याच्या जागी आम्ही लहान एल मारायचो. एकतीस वर्षांची सवय! मी त्यांच्या अख्ख्या प्रोग्रामात एकच्या जागी एल मारून ठेवले होते. दुसरा कुणी असता तर खो खो हसला असता. भाऊंनी उठून मला आपल्या खुर्चीवर बसवलं, वही माझ्या हातात दिली आणि स्वतः कळांपुढे बसले. म्हणाले, "आता तुमी वाचा, मी दुरुस्त करतो. चूक कोणाची ते पाहाचं नाही बाई, कुठं हाये ते पाहाचं." मग तीच तिथली रीत झाली. चूक निघाली की खुर्च्या बदलायच्या, बाकी चर्चा नाही.

आता सांगा, अशा माणसाशी खोटं बोलायची काय गरज होती? गरज नव्हती. माज होता. मी मुलींच्या एका चुकीला एक गुण कापणारी बाई. माझ्या हातून चूक होत नाही, असं मी इतक्या वेळा म्हटलं होतं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. तीन वर्षांपूर्वी मी स्वतःचा पहिला प्रोग्राम लिहिला. टायपिंगची परीक्षा घेणारा. समोर उतारा येतो, तो ठोकायचा, शेवटी वेग आणि चुका दिसतात. त्या वयात स्वतःच्या अकलेनं ते मशीन चालवलं म्हणून मी हवेत होते. भाऊ खाली गिऱ्हाइकात, इस्माईलभाई सोल्डरिंग करत पाठमोरे. मी ढिगातली कॅसेट उचलली, रेकॉर्ड आणि प्ले, दोन्ही बटणं दाबली आणि माझा प्रोग्राम उतरवला. बाहेर काढून उलटून बघते तर बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, 'सूर्य'. भाऊंच्या प्रोग्रामावर माझा प्रोग्राम बसला होता. दुसरी प्रत होती, ती आदल्याच महिन्यात टेपरेकॉर्डरनं चघळून टाकली होती. मी ती कॅसेट गुपचूप जागेवर ठेवली आणि पुढच्या रविवारी, मशीनला तिच्यावर सूर्य सापडेना म्हणून सगळे डोकं धरून बसले तेव्हा, म्हटलं, "दमट हवा आहे. लागली असेल टेपला."

भाऊ म्हणाले, "सूर्य थोडाच गेला बाई? पुन्हा मोजू." वहीत जुना प्रोग्राम होता, पण पुढे वर्षानुवर्षं केलेल्या दुरुस्त्या बिलांच्या पाठीवर, चिठ्ठ्यांवर, काही नुसत्याच डोक्यात. त्या सगळ्या गोळा करून परत ठोकायला दिवाळी उलटून गेली. तोवरचे महिने ते पहाटे उठून कागद-पेन्सिलीनं वेळा काढत. मी दर रविवारी ठोकत होते, ते वाचत होते, आणि त्यांचं ते शांत वाचणं माझ्या कानात सुयांसारखं टोचत होतं. आज सांगू, उद्या सांगू... सांगितलं नाही. ते जायच्या आधीच्या रविवारी मी निघताना दारात घुटमळले. त्यांनी विचारलं, "काय बाई, काही सांगाचं हाये का?" मी म्हटलं, "काही नाही, पंख्याचा आवाज फार येतो. तेल घाला." हे माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. पंख्याला तेल घाला!

ते गेल्यावर सहा रविवार ती खोली बंद होती. सातव्या रविवारी विमलवहिनींनी आम्हा तिघांना बोलावलं. म्हणाल्या, "मले काही समजत नाही त्यातलं. कामाचं काय, बिनकामाचं काय, तुमीच पाहा. पण खोली बंद नाही करायची. त्यायले आवडणार नाही." राठोड सर वह्या लावत होते, इस्माईलभाई टीव्हीची पाठ उघडून बसले होते. मी कॅसेटच्या खोक्याला हात घातला. माझंच मला कळत होतं मी काय शोधतेय. भाऊंची टापटीप अशी की चांगल्या कॅसेटी वरच्या खोक्यात, खराब झालेल्या खालच्या डब्यात. मी खालचा डबा उपसला. नव्हती. दोनदा उपसला. मग वरच्या खोक्यात, चांगल्यांमध्ये, एकीच्या पाठीवर पेन्सिलीचं 'सूर्य' खोडून वर शाईनं लिहिलेलं दिसलं. 'बाईंचा पहिला प्रोग्राम. नीट चालतो.' खाली तारीख. मी ते दमट हवेचं बोलले, त्याच रविवारची.

मी कॅसेट घेऊन ठाणांवर बसले. इस्माईलभाईंनी मान वळवून पाहिलं, माझ्या हातातली कॅसेट पाहिली आणि हळूच म्हणाले, "मिली का?" मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ते म्हणाले, "आमाले त्याच दिवशी मालूम झालं. तुमी गेल्यावर, जे असंल ते येऊ दे म्हणून, भाऊनं सुरुवातीपासून लावून पाह्यली. तुमचा उतारा दिसला पडद्यावर. लय खूश झाले होते. मले म्हणे, ठोकून पाह्य रे, बाईनं किती बेस बनवलं हाये."

"खूश?" मी ओरडलेच. "माणसाची एवढी मेहनत गेली अन् खूश? अन् तुमी तिघंही तीन वर्षं तोंड शिवून बसले? मले कोणी काहून नाही सांगतलं?" राग आला की माझी पुस्तकी भाषा पळून जाते. राठोड सर वहीतून वर न बघता म्हणाले, "भाऊ म्हणत, तिच्यासमोर कोणी विषय काढू नका. तिच्या मनात आलं की सांगेल. नाही सांगतलं तरी चालते." मग चष्मा पुसत म्हणाले, "दर रविवारी तुमी गेल्या की विचारत, आज काही बोलली का बाई?"

कॅसेट हातात फिरवताना अंगठा तिच्या कडेला लागला. कॅसेटच्या पाठीला दोन चिमुकले प्लास्टिकचे दात असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही उतरवता येत नाही. लग्नाच्या, भजनाच्या कॅसेटींचे आपण सगळेच मोडायचो, चुकून पुसलं जाऊ नये म्हणून. स्वतःच्या सूर्याच्या कॅसेटचे दात भाऊंनी कधी मोडले नव्हते, कारण त्यात त्यांना सतत काहीतरी सुधारायचं असे. माझ्या प्रोग्रामाचे दोन्ही मोडलेले होते.

विमलवहिनी चहा घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. खोलीत सगळ्यांना सगळं माहीत होतं, सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी उठले, भाऊ वाचायला बसायचे त्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, तुमची टेप मी पुसली."