गिअर उजवीकडे नेणारा मिस्त्री

"गारीला इचारलंस का?" जुन्या गाडीत काहीही नवं बसवायला सांगा, मिस्त्रीचा पहिला प्रश्न हाच. मग डॅशबोर्डवर तळहात ठेवायचा, डोळे बारीक करायचे आणि दहा सेकंदांनी गाडीच्या वतीने निकाल द्यायचा, "नाय बोलते." तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल, ज्याच्याकडे काम देताना आपणच मुलाखतीला आल्यासारखे उभे राहतो.

रोडपालीला ट्रकांच्या गर्दीत त्याची शेड होती. माणूस गव्हाणचा. जुन्या गाड्यांची स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड ही त्याची खासियत, आणि जुन्या पत्र्याला कात्री लावायची नाही हा त्याचा नेम. उलव्याच्या एका बिल्डरला आजोबांच्या गाडीत भलामोठा स्क्रीन हवा होता. मिस्त्रीने त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "टीवी बगायचा तं घरी बस ना, शेठ." बिल्डर चिडून गेला आणि महिन्याभराने त्याच गाडीचा जुना मीटर दुरुस्त करून घ्यायला परत आला.

मी गेलो ते बाबांसाठी. पडल्यापासून त्यांचा डावा खांदा वर उठत नव्हता, आणि आमच्या जुन्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, डाव्या बाजूला. बाकी हातपाय धड, पण हात गिअरपर्यंत जाईना. गाडी अंगणात उभी आणि बाबा दिवसभर खिडकीत. बोलणंही कमी झालं होतं. मला ते बघवत नव्हतं.

"गिअर उजवीकडे नेता येईल का?" मी विचारलं. त्यासाठी दांड्याचं मूळ आवरण कापावं लागणार हे मला ठाऊक होतं, म्हणून त्याने गाडीला विचारण्याआधीच मी हात जोडले.

त्याने गाडीला विचारलंच नाही. बाबांना बोलावून घेतलं, सीटवर बसवलं आणि खडू घेऊन म्हणाला, "काका, उजवा हात उचला. हितं पहिला टाका. आता दुसरा." बाबा हवेत गिअर टाकू लागले. तोंडाने इंजिनाचा आवाजही काढला. मिस्त्री गंभीर चेहऱ्याने मापं घेत राहिला. मी मात्र मान फिरवली.

तीन आठवड्यांनी उलव्याच्या रिकाम्या रस्त्यावर बाबांनी थेट चौथा गिअर टाकला. शेजारी बसलेला मिस्त्री ओरडला, "काका, हलू! इमान नाय उरवायचं आपल्याला!"

यंदा मिस्त्री गेला. छातीत कळ आली आणि संपलंच सगळं. बाबांपेक्षा वीस वर्षांनी लहान होता. तेराव्याला बाबा स्वतः गाडी चालवत गव्हाणला गेले, मी नुसता शेजारी. त्याच्या बायकोने आतून फडक्याचं एक गाठोडं आणून बाबांपुढे ठेवलं. त्यात आमच्या गाडीचं कापलेलं आवरण होतं आणि गिअरचा जुना दांडा. गंज चढू नये म्हणून दोन्हींना तेल लावलेलं.

"बोलले व्हते," ती संकोचून म्हणाली, "काका गेले की गारी व्हती तशी करून द्यायची."

बाबा मोठ्याने हसले. हसता हसताच रडू लागले.

परत येताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. गाठोडं मांडीवर घेऊन बसले आणि पनवेल येईपर्यंत एकदाच बोलले, "एवढा मापाचा पक्का माणूस, आणि इथं चुकला."