पाऊण तासावरचा भाऊ

आमच्या अकुरेरीहून राजधानी रेक्याविक मोटारीनं चारशे किलोमीटरला थोडंच कमी, पण विमानानं पाऊण तास. भाऊ तिथं, एवढ्या जवळ राहतो म्हणून माझी शेजारीण सिगुरलीना निर्धास्त असायची. जवळच्याकडे जायची कसली घाई!

दर नाताळात ती पातळ पोळ्यांवर सुरीनं नक्षी कापायची, तळायची आणि विमानतळावर कुणा ओळखीच्या प्रवाशाच्या हाती डबा द्यायची. इथं सगळेच असं पाठवतात. धाकटा भाऊ हाल्ग्रीमुर फोनवर चिडवायचा, "ताई, पोळ्या दरवर्षी विमानात बसतात. तू कधी बसणार?"

"पोळ्यांना गुडघे नसतात, बाबा," ही म्हणायची.

गेल्या नाताळाआधी तो म्हणाला, "या खेपेला डबा नको, तूच ये. डॉक्टरांनी हात टेकलेत."

सिगुरलीनाच्या लेकानं लगेच सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. पण रिकाम्या हातानं कशी जायची बाई! तिनं ते बदलून दुसऱ्या दिवसाचं घेतलं आणि पीठ मळायला बसली.

मी म्हटलं, "अगं, मी तळून आणते मागून. तू जा."

"तुझी नक्षी बघून तो आणखी आजारी पडेल," ती म्हणाली.

रात्री वादळ उठलं. विमानं थांबली, घाटही बर्फानं बंद झाला. वारा पडेपर्यंत हाल्ग्रीमुर गेला होता.

अंत्यविधीला मी तिच्यासोबत गेले. विमान वर चढलं, हातातली कॉफी संपली नाही तोच उतरायला लागलं. सिगुरलीनानं माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच गं," मी म्हटलं.