मोटारसायकलीची कीव

त्या दिवशी सकाळपासूनच ऊन असं पेटलं होतं, की बाभळीखालची कुत्री सावलीसंगं जागा बदलून राह्यली होती. वारा नावाले नव्हता. अशा उन्हात माणसाचं डोकं फिरते म्हणतात. माझं मात्र थंड होतं, अन् थंड डोक्यानं मी काय करून ठेवलं ते ऐका.

माझ्या लेकीचं, सुमनचं, लगीन ठरवायचं होतं. मेडशीच्या पाहुण्यानं निरोप धाडला होता, "दुपारच्या आत या. मंग दुसरे लोक येऊन राह्यले." अन् माझी यष्टी हुकली. शेजारच्या रहीमभाईचं कापडाचं दुकान, गावातली एकुलती एक मोटारसायकल त्यांचीच. म्हणाले, "देवराव, बस माह्या मागं."

अर्ध्या रस्त्यात मागचं चाक बसलं. रहीमभाई नुसते हसले. त्यांच्या जावयानं कुवेतहून हवा भरायचा बिजलीचा पंप आणला होता, पानाच्या डब्याएवढा. बॅटरीतून करंट घ्यायले मिस्तरीनं सीटखाली सॉकेट बसवलं होतं. रहीमभाईनं व्हॉल्व्हची ढिली पिन आवळली, नळी चाकाले लावली, वायर सॉकेटात खोचली अन् इंजिन चालू केलं. पंप भुंग्यासारखा गुणगुणायले लागला.

"तू ध्यान ठेव. मी विहिरीवर पाणी पिऊन येतो."

मी बसलो पाहत. बिचारी गाडी उभ्या जागी धडधडून राह्यली, वर हवाही भरून राह्यली. आता तुमीच सांगा, वखराच्या बैलाले कोणी त्याच वेळी मोटेलेही जुंपते का? हात लावला तं इंजिन तव्यासारखं. मले कीव आली. हळूच चावी फिरवली. गाडी गप झाली, पंप तसाच चालू. मनात म्हटलं, एवढी साधी गोष्ट भाईले कशी नाही सुचली?

थोड्या वेळानं पंपाचा आवाज घोगरा झाला, मग बसलाच. चाक अंगठ्यानं दाबलं, तं कडक. म्हटलं, पोट भरलं.

रहीमभाई आले. "इंजिन काहून बंद?"

"आराम देल्ला. लय तापली होती."

त्यांनी किक मारली. मग टोपी काढून मारली. हॉर्न दाबला, तं तो पिल्लाएवढाही चिवचिवला नाही.

"अरे बापा, इंजिन चालते तवा बॅटरी भरते. त्या पंपानं सारी पिऊन टाकली."

"मंग आता?"

"मले काय इचारतं? आराम तू देल्ला."

ढकलून पाह्यली, हलली पण बोलली नाही. ऊन माथ्यावर चढायले लागलं. सुमनचं स्थळ मले दुसऱ्याच्या अंगणात जाताना दिसायले लागलं.

सुमन आज मेडशीलेच नांदते, म्हणजे वेळेत पोचलो हे समजून घ्या. पण पोचलो कसे? गाडी रानात टाकून जायले रहीमभाई तयार नव्हते, म्हणून बाजूच्या वावरातली बैलजोडी मागून आणली, मोटारसायकल दोरानं बांधली. पुढं बैलं, बाजूनं कासरा धरून मी, मागं हँडल सांभाळत रहीमभाई. मेडशीची घरं दिसली अन् चढ लागला. बैलं धापा टाकायले लागली. माझा जीव पुन्हा कळवळला, हात कासऱ्यावर आवळला.

मागून रहीमभाई हँडलवरच हात जोडून म्हणाले, "देवराव, तुले सुमनची आण हाय. आता बैलं बंद करू नको."